पक्ष्यांचे आवाज कसे शिकावेत? सेमिनरी हिल्सला रोज फिरणाऱ्या एका ताईंना उत्तर

प्रश्न: मी नागपूरला सेमिनरी हिल्सच्या पायथ्याशी राहते, वय 61. रोज सकाळी तासभर फिरते. मोबाइलवर मर्लिन ॲप लावलं की एका फेरीत पंधरा-वीस पक्ष्यांची नावं येतात, पण घरी येऊन आठवायला बसलं तर एकही आवाज डोक्यात नसतो. शिवाय मला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. या वयात आवाजावरून पक्षी ओळखायला शिकता येईल का? सुरुवात कुठून करू?

उत्तर:

ताई, नक्की येईल. मी 26 वर्षं नागपूर आणि आसपासच्या जंगलांत पक्षीगणनेला जातोय. गणनेच्या कागदावर आम्ही जे पक्षी लिहितो, त्यातले निम्म्याहून जास्त दिसलेले नसतात, ऐकलेले असतात. पावसाळ्यात झाडं दाट झाली की डोळ्यांचा उपयोग आणखीच कमी होतो. ज्यांना हे जमतं त्यांचे कान काही वेगळे नसतात. त्यांनी थोडे आवाज पुष्कळ वेळा ऐकलेले असतात, एवढंच.

तुमचं नेमकं कुठे अडतंय ते आधी सांगतो. आवाज आला त्या क्षणी तुमची नजर मोबाइलवर होती. नाव उमटलं, तुम्ही ते वाचलं आणि तिथेच शोध संपला. कानाला काही करावंच लागलं नाही, मग तो लक्षात कशाला ठेवेल? म्हणून पुढचे दोन महिने फिरताना ॲप बंद ठेवा. एखादा आवाज फारच छळू लागला तर फक्त रेकॉर्ड करा, त्याचं वर्णन वहीत लिहा, तुमचा अंदाज लिहा आणि मग घरी येऊन तेच रेकॉर्डिंग ॲपला ऐकवा. अंदाज चुकला तरी चालेल. चुकलेला अंदाज दुरुस्त झाला की तो आवाज सहसा विसरला जात नाही.

आणि पंधरा-वीस नकोत, पाच घ्या. तुमच्या खिडकीतून रोज ऐकू येणारे पाच: कोकीळ, तांबट, दयाळ, लालबुड्या बुलबुल, आणि पाचवी खार. खार पक्षी नाही हे मला माहीत आहे, तरी ती यादीत हवीच. नव्या माणसाला पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त फसवणारा आवाज खारीचा असतो. चिक्-चिक्-चिक् असा एकाच लयीत, कधी दहा-दहा मिनिटं चालतो आणि माणूस झाडाखाली मान वर करून कुठला तरी दुर्मिळ पक्षी शोधत राहतो. खार, बेडूक, रातकिडे आणि उन्हाळ्यातली किरकिर हे एकदा बाजूला काढता आले की उरलेला गोंधळ बराच आवाक्यात येतो.

आता माझा सगळ्यात पक्का नियम, जो मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो. कुठलाही आवाज तुमचा कधी होतो? तो काढताना पक्षी तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला की. चोच उघडताना, गळा फुगताना, शेपटी हलताना. रेकॉर्डिंग शंभरदा ऐकून जे होत नाही ते या एका दर्शनाने होतं. शिंप्याचं उदाहरण घ्या. कुंपणातून इतका खणखणीत ट्विक-ट्विक-ट्विक येतो की साळुंकीएवढा तरी पक्षी असेल असं वाटतं. एक दिवस तिथेच बसून राहा. पानांतून अंगठ्याएवढा, शेपटी उभारलेला जीव बाहेर येईल आणि तुमच्यासमोर तोच आवाज काढेल. त्यानंतर आयुष्यभर शिंपी ओळखायला ॲप लागणार नाही. यासाठी चालणं थोडं कमी करा. तासाभराच्या फेरीतली शेवटची पंधरा मिनिटं एकाच झाडाजवळ, रोज त्याच जागी, उभं राहायचं. शिकणं बहुतेक त्या पंधरा मिनिटांतच होतं.

वर्णन लिहायचं म्हणजे काय, हे मात्र सविस्तर सांगायला हवं. «गोड आवाज», «बारीक आवाज» असं लिहून उपयोग नाही. चार गोष्टी बघा. लय: एकसारखी आहे, वाढत जाते की तुटक आहे? चढ-उतार: सूर वर जातो, खाली येतो की सपाट राहतो? पोत: शिट्टीसारखा स्वच्छ, खरखरीत की घुमणारा? आणि जागा: जमिनीवरून, झुडपातून की शेंड्यावरून? वहीत अक्षरांपेक्षा रेघा काढा. कोकिळाची प्रत्येक हाक म्हणजे वर चढणारी रेघ, आणि हाकांमागून हाका जिन्यासारख्या चढत जातात. तांबट म्हणजे एका ओळीत सारख्या अंतरावर मारलेले ठिपके. सुभगाची लांबलचक शिट्टी आडवी जाते आणि शेवटी एकदम खाली पडते. तुमच्या मर्लिनच्या पडद्यावर आवाजाचं जे चित्र सरकत असतं ते याच तत्त्वावर चालतं: डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर सुराची उंची. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने 2021 मध्ये ॲपमध्ये आवाज ओळखण्याची सोय आणली. तेव्हापासून ते ॲप आवाजाचं असं चित्र करतं आणि अशी असंख्य चित्रं दाखवून त्याला जे शिकवलंय त्यावरून नाव काढतं. म्हणजे तुम्ही वहीत काढलेली रेघ घरी येऊन त्या चित्राशी लावून बघू शकता. हा सराव मला स्वतःला फार उपयोगी पडला.

रेघांइतकेच शब्दही कामाचे आहेत, पण ते आपले हवेत. इंग्रजी पुस्तकांतली अक्षरं आपल्या कानाला चिकटत नाहीत. आपल्याकडे हे काम शेतकऱ्यांनी कधीच करून ठेवलंय. पावशा मे-जूनमध्ये «पेरते व्हा, पेरते व्हा» म्हणतो हे विदर्भातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. त्यातली खुबी अशी, की प्रत्येक «पेरते व्हा» आधीच्यापेक्षा चढ्या सुरात येतं. चढत-चढत आवाज अगदी टिपेला पोचतो, एकदम तुटतो, आणि थोड्या वेळाने पुन्हा खालून सुरुवात. ढगाळ रात्रीही तो असाच ओरडत असतो. टिटवीचं नाव तिच्या आवाजावरूनच पडलं. भांड्यावर हातोडी पडल्यासारखा टुक-टुक करतो म्हणून तांबट. जिथे जुना शब्द नसेल तिथे तुमचा स्वतःचा करा. रातव्याचा आवाज माझ्या डोक्यात टेबल टेनिसच्या चेंडूचा आहे: फरशीवर टाकला की टक्… टक्… टक-टक-टकर्रर करत थांबतो तसा. लालछातीच्या माशीमाराची टर्रर्र म्हणजे जुन्या घड्याळाला चावी देणं. राखी वटवट्या गवतातून उडताना टिक्-टिक् करतो, वायरीतून ठिणग्या उडाव्यात तसं. हसू आलं तरी असेच शब्द लिहा, तेच टिकतात.

आता ज्यासाठी मी हे उत्तर एवढं लांबवतोय तो भाग. आवाजावरून नाव कळणं ही अर्धीच गोष्ट झाली. तो पक्षी आत्ता काय करतोय, हे आवाजातून कळू लागलं की खरी मजा सुरू होते, आणि ते कुठलंच ॲप सांगत नाही.

मोठा भेद गाणं आणि कॉल यांचा. गाणं बहुतेक करून विणीच्या काळात, बहुतेक करून नराचं: ही जागा माझी आहे आणि मी जोडीदारीण शोधतोय. कॉल मात्र बारमाही, नर-मादी दोघांचे, छोटे आणि कामापुरते: इथे खायला आहे, मी इथे आहे, सावध. दयाळ बघा. आत्ता फेब्रुवारी संपत आलाय, तो झुडपाखालून नुसता खरखरतोय किंवा लांब «स्वीऽऽ» करतोय. मार्च लागला की तोच शेंड्यावर किंवा गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर चढून बसेल आणि पहाटे इतकं फिरवून-फिरवून गाईल की हाच तो पक्षी यावर विश्वास बसत नाही. पक्ष्यांचा आवाज आपल्यासारखा कंठातून निघत नाही. श्वासनलिका जिथे दोन फुप्फुसांकडे फुटते तिथे त्यांचं आवाजाचं इंद्रिय असतं, आणि गाणारे पक्षी त्याच्या दोन्ही बाजू स्वतंत्रपणे हलवू शकतात. सूर इतका झपकन बदलतो तो त्यामुळे.

कोकिळाबद्दल आपल्या भाषेने एक घोटाळा करून ठेवलाय. कविता म्हणतात कोकिळा गाते. तो कुहूकुहू काळ्या कुळकुळीत नराचा. मादी तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची, आणि तिचा आवाज किक-किक-किक-किक असा तीक्ष्ण, घाबरल्यासारखा. एप्रिल-मे महिन्यांत कावळ्यांची घरटी असलेल्या झाडाजवळ उभं राहून ऐका. नर उघड्यावर येऊन ओरडतो, कावळे त्याच्यामागे लागतात, आणि थोड्याच वेळात दुसरीकडून किक-किक येतं. मादी कावळ्याच्या घरट्यात आपलं अंडं घालायला पोचली, हे तुम्हाला न बघता कळतं. पुढे त्याच झाडावर कावळ्याच्या मागे लागून चिरकणारं कोकिळाचं पिल्लू ऐकलं की गोष्ट पूर्ण होते. पावशा आणि चातक हेच सातभाईंच्या बाबतीत करतात. पावसाळ्यात सातभाईंच्या थव्यामागे त्यांच्याहून मोठं, करडं पिल्लू सतत ओरडत फिरताना दिसलं, तर तो पावशा असण्याची शक्यता फार.

टिटवीकडून तर मी अंतर मोजायला शिकलो. मार्चनंतर ती उघड्या जमिनीवर अंडी घालते, हल्ली शहरात घरांच्या सपाट गच्च्यांवरही. तुम्ही दूर असलात तर सावकाश टिटिव… टिटिव. जवळ जाल तसा वेग वाढतो, मग ती अंगावर झेप घेतल्यासारखी येते. आवाज घाईचा झाला की तिथूनच मागे फिरायचं, कारण अंडी पायाखाली येतील इतकी खड्यांसारखी दिसतात. रात्री टिटवी ओरडली की अशुभ, असं आपल्याकडे म्हणतात. ती ओरडते कारण कुत्रं, मुंगूस नाहीतर माणूस तिच्या अंड्यांजवळ आलेलं असतं.

धोक्याचे इशारे दोन तऱ्हेचे असतात आणि हा फरक शिकण्यासारखा आहे. आकाशात शिकारी पक्षी दिसला तर लहान पक्षी बारीक, लांब, धार नसलेला «सीऽऽ» काढतात. असा आवाज कुठून आला ते आपल्यालाही समजत नाही आणि शिकाऱ्यालाही. पण फांदीवर बसलेला पिंगळा, मांजर किंवा झाडावर चढलेली धामण दिसली तर उलट: खरखरीत, तुटक, जोराचे आवाज, ज्यांची जागा लगेच कळते, कारण इतरांना तिथे बोलवायचं असतं. सातभाई, बुलबुल, सूर्यपक्षी आणि खार एकदम एकाच झाडावर कल्ला करत असतील तर पाय तिकडे वळवा. मी आजवर पाहिलेल्या पिंगळ्यांपैकी बरेच मला बुलबुलांनी दाखवलेत. पेंचला वाटाडे चितळ आणि वानरांच्या हाकांवरून वाघ शोधतात, तीच विद्या छोट्या प्रमाणात सेमिनरी हिल्सवर चालते.

नकलाकारांपासून मात्र सावध. एका हिवाळी गणनेत मी गोरेवाड्याला केवळ आवाजावरून शिक्रा, म्हणजे एक छोटा शिकारी पक्षी, लिहिला. पंधरा मिनिटांनी तिथल्याच एका तारेवर कोतवाल बसून तंतोतंत तोच आवाज काढताना दिसला. नोंद खोडली, आणि तेव्हापासून ठरवलं की शिक्र्याचा आवाज आला तर पूर्ण एक मिनिट ऐकायचं. कोतवालाला राहवत नाही, मध्येच तो स्वतःचे खरखरीत सूर मिसळतो. हिरवा बुलबुल तर एका दमात चार-पाच पक्ष्यांच्या नकला करतो. ॲपही इथे हमखास चुकतं. म्हणून ॲपने एखादं अनपेक्षित नाव दाखवलं तर ते खरं धरू नका. तिथे थांबून बघायचं, एवढीच सूचना त्यातून घ्या.

वेळेबद्दल थोडं. आपल्याकडे मे महिन्यात साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो आणि आठनंतर ऊन असं तापतं की पक्षी गप्प होतात. तुम्ही साडेसहाला निघत असाल तर उन्हाळ्यात पाचला निघा. कोतवाल, कोकीळ आणि दयाळ झुंजूमुंजू व्हायच्या आधीच सुरू झालेले असतात. त्या वेळी हवा थंड, वारा पडलेला, रहदारी कमी, त्यामुळे आवाज लांब जातो. अंधारात किडे शोधता येत नाहीत, मग तो वेळ गाण्यात जातो. एकेक पक्षी सुरात सामील होत असताना आधीपासून तिथे असलात तर वेगळे करणं सोपं पडतं. सगळा मेळा भरल्यावर पोचलं की काहीच सुटं होत नाही.

वर्षाचा क्रमही आपोआप तुमच्या मदतीला येतो. आत्ता पळस आणि काटेसावर फुलतायत, तिथे भोरड्यांचा थवा उतरला की कलकलाट एवढा होतो की बाकी काही ऐकू येत नाही. एप्रिलपर्यंत हिवाळी पाहुणे, ते बारीक वटवटे आणि माशीमार, परत जातात आणि यादी सोपी होते. मग पावशा. पावसाच्या तोंडावर चातकाची «पियू, पियू», पाठोपाठ नवरंगाची दोन सुरांची स्वच्छ शिट्टी, पहाटे आणि सांजवेळी. दर ऋतूला दोन-तीन नवे आवाज एवढंच ठेवलं तरी वर्षाअखेर तुमच्याकडे वीसेक पक्के झालेले असतील. घरी तुलना करून ऐकायला झेनो-कँटो ही वेबसाइट चांगली. 2005 पासून जगभरचे लोक तिथे आपली रेकॉर्डिंग ठेवतात. ऐकताना शक्यतो भारतातलीच निवडा, कारण एकाच जातीची बोली प्रदेशाप्रमाणे बदलू शकते.

पण ती रेकॉर्डिंग जंगलात, झाडाखाली, कधीही वाजवू नका. हे मी कळकळीने सांगतोय. एका जूनमध्ये शहराजवळच्या ओढ्यात नवरंगाची जोडी घरट्यासाठी काड्या नेत होती. फोटो काढणाऱ्यांचा एक गट तीन सकाळी तिथे येऊन स्पीकरवर नराची शिट्टी वाजवत राहिला. हद्दीत दुसरा नर शिरला असं समजून तो बिचारा दर वेळी सगळं काम सोडून धावत यायचा. चौथ्या दिवशी ओढा गप्प होता. त्या मोसमात मी तिथे पुन्हा नवरंग ऐकला नाही. गाणं ऐकवून बोलावलेला पक्षी उत्सुकतेने येत नाही. तो भांडायला येतो, आणि त्यात त्याचा विणीचा मोलाचा वेळ जातो.

आता तुमच्या कानाचं. वय वाढतं तसं आधी वरच्या पट्टीचं ऐकू येणं कमी होतं. म्हणून फुलटोचा, छोटा खंड्या, काही वटवटे यांचे फार बारीक कॉल तुमच्या हातून सुटतील. माझेही सुटू लागलेत, गणनेला मी बरोबर एखादी तरुण मुलगी किंवा मुलगा ठेवतो. पण कोकीळ, भारद्वाज, तांबट, होले, पावशा, पिंगळा, टिटवी, खंड्या हे सगळे खालच्या आणि मधल्या पट्टीतले आहेत, तिथे काही अडणार नाही. डावा कान एकदा तज्ज्ञांना दाखवून घ्याच. श्रवणयंत्र वापरत असाल तर «मला पक्षी ऐकायचे आहेत» हे त्यांना आवर्जून सांगा, म्हणजे ते त्याप्रमाणे बसवून देतील.

एका कानाने खरी अडचण येते ती दिशेची. आवाज एका कानाला आधी आणि जोरात, दुसऱ्याला किंचित नंतर आणि हलका पोचतो, त्या फरकावरून मेंदू दिशा काढतो. तुमच्याकडे हा फरक अपुरा पडेल. त्यावर उपाय असा: दोन्ही तळहात कानांमागे द्रोणासारखे धरा आणि डोळे मिटून मान सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवा. आवाज सगळ्यात मोठा होईल तिथे थांबा. मग चार पावलं बाजूला सरकून पुन्हा तेच करा. दोन्ही दिशा जिथे एकमेकींना छेदतात ते झाड. पहिले काही दिवस होल्यावर सराव करा, तो एका जागी बसून बराच वेळ घुमतो. तांबटापासून सुरुवात नको. तो चोच मिटून, गळा फुगवून टुक-टुक करताना डोकं इकडून तिकडे फिरवत असतो, त्यामुळे दोन्ही कान चांगले असलेल्यांनाही तो आत्ता या झाडावर, आत्ता त्या झाडावर असल्यासारखा वाटतो. त्याला शोधायचं तर निष्पर्ण फांद्यांचे शेंडे बघा. सकाळच्या कोवळ्या उन्हात तो तिथेच बसलेला सापडेल, हिरवा, कपाळावर लाल टिळा असलेला.